नवं की जुनं हे नंतर, आधी सेक्शन मागा: ओल्ड ट्रॅफर्डच्या वादाबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या जुन्या मैदानाच्या शेजारी एक लाख क्षमतेचं नवं स्टेडियम बांधायचं मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. तुम्ही आणि तुमचे तिघे मित्र तिथल्या स्ट्रेटफर्ड एंडला, म्हणजे गोलमागच्या स्टँडला, कित्येक वर्षं शेजारीशेजारी बसता, आणि आता ग्रुपवर रोज वाद. दोघांना नवं हवंय, एकाचा जुनं सोडायला साफ नकार, तुम्ही अधांतरी. तुम्ही विचारताय की क्लबने मत मागितलं तर काय लिहावं, एक लाख हा आकडा खरोखर चांगला आहे का, आणि नव्या स्टेडियमात आवाज मरतो ही भीती कितपत खरी.

मी आर्किटेक्ट आहे. पुण्यात शिकले आणि पुढे ब्रिटनमध्ये बहुतेक काम स्टेडियमच्या बाउलवर केलं. बाउल म्हणजे मैदानाभोवतीची बसायची सगळी रचना: रांगा, पायऱ्या, वरखाली येणारे टिअर म्हणजे जागांचे मजले. युनायटेडच्या प्रकल्पाशी माझा काही संबंध नाही, त्यामुळे आतली माहिती माझ्याकडे नाही. पण अशा प्रकल्पांत कोणता निर्णय कधी होतो आणि एकदा झाला की कोणता मागे फिरवता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. त्याच जोरावर सांगते: नवं की जुनं या वादात तुमची जितकी ताकद चाललीय, तितकी त्याची लायकी नाही. तुमच्या शनिवारच्या सामन्याचं काय होणार हे तीन कागद ठरवतात. बाउलचा सेक्शन (उभा छेद), जागांची वाटणी आणि पैशाचा हिशोब.

तरी नव्या-जुन्याचं आधी संपवू, कारण तुमचा मित्र त्याशिवाय पुढचं ऐकणार नाही. ओल्ड ट्रॅफर्ड १९१० चं. तीन बाजूंनी ते वाढत गेलं, पण दक्षिणेचा सर बॉबी चार्लटन स्टँड ठेंगणाच राहिला, कारण त्याच्या पाठीला लागून रेल्वेचे रूळ आहेत. तो उंच करायचा तर रुळांच्या वरून बांधायचं. म्हणजे चालू लाइनवर काम, गाड्या थांबवून मिळणारे मोजके तास, आणि त्या प्रत्येक तासाचा खर्च. हे अशक्य नाही, पण महाग आणि संथ आहे. जुनं वाढवलं तर सुमारे ८७,००० पर्यंत जाता येईल असा अंदाज क्लबने नेमलेल्या अभ्यासगटाने दिला होता. शिवाय वाढवायचं म्हणजे काही वर्षं एकेक स्टँड बंद ठेवून खेळायचं, नाहीतर मुक्काम हलवायचा. बार्सिलोनाने २०२३ च्या उन्हाळ्यात कॅम्प नोउ सोडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते परतले, तेही काम पूर्ण व्हायच्या आधी, कमी क्षमतेवर. शेजारी मोकळी जमीन मिळत असेल तर जुन्यात खेळत राहून नवं बांधता येतं, हा फार मोठा फायदा आहे. मात्र तो जमिनीवर अवलंबून आहे. बाजूला मालगाड्यांचं टर्मिनल आहे, ते हलल्याशिवाय सगळा आराखडा बसत नाही, आणि जमिनीच्या किमतीवरून रखडलेले प्रकल्प आमच्या धंद्यात पायलीला पन्नास.

म्हणून माझा कौल, केवळ बांधकामाच्या नजरेने: जमीन आणि पैसा सुटत असेल तर शेजारी नवं. क्लबच्या सर्वेक्षणातही ५२ टक्के लोकांनी नव्याला पसंती दिली होती. पण "नवं" म्हणजे नक्की काय, हे त्या ५२ टक्क्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

जाहीर झाली ती चित्रं. फॉस्टर अँड पार्टनर्सचं प्रचंड छत, तीन डोलकाठ्या, त्यातली सर्वात उंच २०० मीटर, खाली मोठा चौक. चित्रं सुंदरच असतात, ती करणारे माझे व्यवसायबंधू कसबी आहेत. पण सामना छतावरून बघायचा नसतो. एका क्लबच्या सल्लामसलतीच्या बैठकीत मी हे पाहिलंय: खोलीच्या मध्यभागी आतून दिवे लावलेलं मॉडेल, भोवती तोबा गर्दी, प्रत्येक जण फोटो काढतोय. आणि भिंतीवर सेक्शनची शीट, जिच्यासमोर कुणीच नाही. मग एक आजी काठी टेकत तिथे आल्या. एका रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी इथे बसले आणि पुढचा उभा राहिला, तर मला जवळचा कॉर्नर दिसेल का?" त्या दिवसातला सर्वात मुद्द्याचा प्रश्न तो होता.

सेक्शन म्हणजे स्टँड सुरीने उभा कापला तर जे दिसेल ते रेखाचित्र. त्यावर प्रत्येक रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यापासून, पुढच्याच्या डोक्यावरून, टचलाइनपर्यंत म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत एक रेष काढतात. तुमची नजरेची रेष पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतराला आम्ही सी-व्हॅल्यू म्हणतो. १२० मिलिमीटर उत्तम, ९० चांगली, ६० म्हणजे कशीबशी. ६० असेल तर पुढे टोपी घातलेला माणूस आला की तुमची मान वाकडी.

आता हा आकडा कागदावर काय करतो ते बघा. टचलाइनपासून ३० मीटर लांब आणि डोळा मैदानापासून १२ मीटर उंच, अशी एक रांग घ्या. पायरीची खोली ८० सेंटिमीटर. सी-व्हॅल्यू ६० हवी असेल तर त्यामागची पायरी सुमारे ३८ सेंटिमीटर चढवावी लागते. ९० हवी असेल तर ४१. फरक फक्त तीन सेंटिमीटरचा वाटतो. पण तीस रांगा मोजा, स्टँड जवळजवळ मीटरभर वर गेला. आणि प्रत्येक रांग वर गेली की तिच्या मागचीला आणखी वर जावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. उंची म्हणजे पोलाद, पोलाद म्हणजे पौंड. खर्च कापायची बैठक बसली की पहिली कात्री या तीन सेंटिमीटरवर चालते, कारण बाहेरच्या कुणाला ती दिसत नाही. चढाव कितीही वाढवता येतो असंही नाही. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका, जिला सगळे ग्रीन गाइड म्हणतात, ती ३४ अंशांवर थांबवते. ८० सेंटिमीटरच्या पायरीला ५४ च्या वर उंची नाही.

एक लाखाचा आकडा इथे आडवा येतो. माणसं वाढली की रांगा वाढतात, रांगा वाढल्या की शेवटची रांग एकतर लांब जाते नाहीतर वर. मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यापासून १९० मीटरच्या पलीकडे कुणाला बसवू नये असा संकेत आहे. त्या अंतरावरून चेंडू दिसतो, पण पास कुणी दिला ते अंगकाठीवरून ओळखावं लागतं. एक लाख माणसं परातीसारखी पसरवता येतात किंवा वाटीसारखी उभ्या कडेने रचता येतात. आकडा दोन्हीकडे तोच, अनुभव अगदी वेगळा. म्हणून "एक लाख चांगलं की वाईट" याला माझं उत्तर: आकड्यावरून सांगता येत नाही, सेक्शन दाखवा मग सांगते.

तुमच्या स्ट्रेटफर्ड एंडचंही हेच. टॉटनहॅमने २०१९ मध्ये उघडलेल्या स्टेडियमात दक्षिणेला १७,५०० जणांचा एकसंध, एकाच टिअरचा स्टँड केला. एव्हर्टनच्या गोदीवरच्या नव्या मैदानात दक्षिण स्टँड १३,००० चा, तोही एकच टिअर. दोन्हींच्या मागे जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या उभं राहून बघायच्या दक्षिण स्टँडचा आदर्श आहे, तिथे जवळपास २५,००० माणसं एका उतारावर असतात. गाणं एका ठिकाणी सुरू होऊन अख्ख्या स्टँडने उचलायचं तर मध्ये भिंत नको, महागड्या खासगी बॉक्सची काच नको. इंग्लंडमध्ये २०२२ पासून परवानाधारक उभं राहण्याच्या जागाही करता येतात, प्रत्येक रांगेला कठड्यासह. त्या पहिल्याच दिवसापासून सेक्शनमध्ये धरा असा आग्रह हवा. नंतर बसवायच्या म्हटल्या तर पायऱ्यांची खोली आणि बाहेर पडायच्या वाटा त्या हिशोबाने नसतात.

आवाजाबद्दलची भीती रास्त आहे, पण दोष नवेपणाचा नाही. आवाज छताला लागून परत येतो तेव्हा स्टँड गर्जल्यासारखा वाटतो. छत प्रेक्षकांच्या डोक्यावर २५ मीटरवर असेल तर आवाज सुमारे ०.१५ सेकंदात परततो आणि मूळ आवाजाला बळ देतो. छत ५० मीटरवर असेल तर ०.३ सेकंद लागतात, आणि टाळ्यांचा ठेका गढूळ होऊ लागतो. जाहीर झालेल्या चित्रातलं उंच छत्र हे बाहेरच्या चौकासकट सगळ्यावरचं आच्छादन आहे. त्याच्या आत बाउलला स्वतःचं बुटकं, टणक छत आहे की नाही, हा प्रश्न मी सर्वात आधी विचारेन. छत्राच्या सौंदर्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता जागांची वाटणी. इथे तुमचा खिसा आणि तुम्हाला सामना किती दिसतो हे एकत्र येतं, आणि बहुतेक चाहते हे दोन वेगळे विषय समजतात. लंडनमधलं राष्ट्रीय स्टेडियम वेम्बली किंवा आर्सेनलचं एमिरेट्स आठवा. दोन्हीकडे मधला टिअर महागड्या जागांचा, पूर्ण गोल फिरलेला. एमिरेट्सला अशा क्लब-लेव्हल जागा सुमारे ७,०००. वेम्बलीत मध्यंतरानंतर बराच वेळ हा मधला पट्टा रिकामा दिसतो, कारण लोक आत जेवत असतात. पण रिकाम्या खुर्च्या ही वरवरची गोष्ट झाली. बॉक्सचा प्रत्येक मजला साडेतीन-चार मीटर खातो. दोन मजले मध्ये घातले की वरचा टिअर सात-आठ मीटर वर ढकलला जातो, आणि उंची वाढली म्हणून वरच्या सूत्राने त्याचा चढावही वाढतो. म्हणजे हॉस्पिटॅलिटीची, अर्थात जेवणाखाणासकट विकलेल्या या महागड्या जागांची, किंमत वरच्या रांगेतला साधा तिकीटधारक मोजतो, अंतराच्या रूपात.

हॉस्पिटॅलिटी नकोच, असं मी म्हणणार नाही. त्या पैशावाचून आज इतकं मोठं स्टेडियम उभं राहत नाही, आणि त्या पैशाने साधी तिकिटं खरंच स्वस्त राहत असतील तर सौदा वाईट नाही. पण तसा करार कुठे लिहिलाय ते बघायला मागा. युनायटेडने २०२४-२५ च्या हंगामात मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, मुलांना आणि ज्येष्ठांनाही सवलत नाही. हे ज्यांनी सोसलं त्यांनी नव्या स्टेडियमच्या दरांबद्दल तोंडी आश्वासनावर थांबू नये. लेखी विचारायचं ते हे: एक लाखांपैकी सर्वसाधारण जागा किती, त्यांपैकी गोलच्या मागे खालच्या टिअरमध्ये किती, हॉस्पिटॅलिटी एका बाजूला ठेवणार की गोल फिरवणार, आणि आजच्या सीझन तिकीटधारकांना शेजाऱ्यांसकट हलवणार का. शेवटचा मुद्दा बारीक वाटेल, पण तुम्ही चौघं चार वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये गेलात तर तुमच्यासाठी सामन्याचा अर्थच बदलला. जुन्या शेजाऱ्यांना एकत्र ठेवणारी अर्जपद्धत करता येते, फक्त ती आधी ठरवावी लागते.

पैशाचा हिशोब हे माझं क्षेत्र नाही, पण बांधकामाच्या बाजूने त्याचा परिणाम सतत दिसतो. सुमारे दोन अब्ज पौंडांचा आकडा सांगितला गेलाय. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये युनायटेड विकत घेतलं, त्या खरेदीचं कर्ज क्लबवर आधीच आहे, कारण ती खरेदी करायला काढलेलं कर्ज क्लबच्याच माथी मारलं गेलं. त्यावर हे नवं कर्ज कोणत्या व्याजाने, किती वर्षांचं, आणि तारण काय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आर्सेनल २००६ मध्ये जुनं हायबरी मैदान सोडून एमिरेट्सला गेले आणि पुढची कित्येक वर्षं चांगले खेळाडू विकत राहिले, हे त्यांच्या चाहत्यांना अजून बोचतं. मालकीही तितकीच महत्त्वाची. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अपटन पार्क सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियमात ९९ वर्षांच्या भाडेकराराने संसार थाटला. अॅथलेटिक्सच्या ट्रॅकसाठी बांधलेला तो बाउल, मैदान लांब, आणि बदल करायचा तर घर आपलं नाही. २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध प्रेक्षक मैदानात उतरले, त्यामागे हा सगळा साचलेला राग होता. उलट चेल्सीत १९९७ पासून मैदानाची जमीन 'चेल्सी पिच ओनर्स' या भागधारक-चाहत्यांच्या कंपनीकडे आहे. २०११ मध्ये क्लबला ती परत हवी होती. ७५ टक्के मतं लागत होती, ६१.६ मिळाली, विषय तिथेच थांबला. हातात कागद असला की म्हणणं ऐकलं जातं.

वाहतुकीवर फार लिहीत नाही, पण एक गणित करून बघा. मँचेस्टरची दोन डबे जोडलेली ट्राम साधारण ४०० माणसं नेते. दर तीन मिनिटांनी एक सोडली तरी तासाला ८,०००. एक लाख माणसं स्टँडमधून आठ मिनिटांत बाहेर काढता येतात, बाउल त्याच हिशोबाने बांधतात. पुढे ती जातील कुठे, हे बाउल सोडवू शकत नाही. नवं स्टेशन आणि रुंद रस्ते स्टेडियमच्या आधी होणार की नंतर, एवढंच विचारा.

इथवरचं थोडक्यात: चौक आणि बाहेरचा रंग शेवटच्या वर्षापर्यंत बदलता येतो. सेक्शन, बॉक्सचे मजले, होम एंडची (घरच्या चाहत्यांच्या गोलमागच्या स्टँडची) रचना आणि कर्जाच्या अटी बांधकाम-परवानगीचा अर्ज जाण्याआधी गोठतात. भांडायचं ते या दुसऱ्या गटासाठी, आणि आत्ता.

कसं भांडायचं, तर एव्हर्टनकडे बघा. २००७ मध्ये त्यांना शहराबाहेर कर्कबीला जायचं का, असं हो-नाहीत विचारलं. ५९ टक्के हो म्हणाले, चाहते दुभंगले, विरोधी मोहीम उभी राहिली आणि २००९ मध्ये सरकारने प्रस्तावच फेटाळला. पुढे ब्रॅम्ली-मूर गोदीवरच्या आजच्या मैदानाच्या वेळी प्रश्न तपशिलात विचारले गेले: स्टँड किती उभा, होम एंड कसा, जुन्या गुडिसन मैदानाचं पुढे काय. हजारोंनी उत्तरं दिली आणि ती आराखड्यात उतरली. सुमारे ५२,८०० क्षमतेचं ते मैदान ऑगस्ट २०२५ मध्ये लीगच्या सामन्यांसाठी खुलं झालं. आकडा छाती दडपणारा नाही, पण बाउल घट्ट आहे. आणि गुडिसन पाडलं नाही, तिथे आता त्यांचा महिला संघ खेळतो.

तुमच्या जुनं-न-सोडणाऱ्या मित्रासाठी हे शेवटचं वाक्य कामाचं आहे. त्याला "हो" किंवा "नाही" लिहू देऊ नका, काय राखायचं ते लिहायला सांगा. १९१० च्या मूळ मैदानातला दक्षिण स्टँडखालचा जुना बोगदाच काय तो उरलाय. १९५८ च्या म्युनिक अपघातातल्या २३ जणांच्या स्मृतीचं घड्याळ आणि फलक आहेत. त्यांची नवी जागा कोणती, मूळ जागेवर काय राहणार, छोटं मैदान ठेवणार का, हे आत्ता विचारलं तर नकाशावर येतं. बुलडोझर आल्यावर विचारलं तर संग्रहालयातल्या एका काचेच्या पेटीवर भागवलं जातं.

आणि तुम्ही चौघं एकेकटे लिहू नका. सपोर्टर्स ट्रस्टकडे, म्हणजे चाहत्यांच्या संघटनेकडे जा, त्यांच्यामार्फत तिन्ही कागद लेखी मागा: प्रत्येक स्टँडच्या सी-व्हॅल्यूसह सेक्शन, जागांच्या प्रकारांचा तक्ता, वित्तपुरवठ्याचा सारांश. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला, त्याने स्वतंत्र नियामक आणला. घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर त्या कायद्यानुसार क्लबला नियामकाची संमती लागते, आणि चाहत्यांशी सल्लामसलतही करावी लागते. "गोपनीय आहे" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. सेक्शन हाती आला की त्यात तुमच्या आजच्या रांगेइतक्या उंचीची रांग शोधा आणि तिथली सी-व्हॅल्यू बघा. ९० च्या खाली असेल तर मला पाठवा, कुठे पिळता येईल ते मी बसून सांगेन.